दर तिसरा सोमवार: एका फायर सायन्स अभ्यासक्रमाचं प्रकरण

हजेरीपत्रकावर बोट ठेवून मी एका नावाची ओळ वाचत गेले. आला, आला, नाही. आला, आला, नाही. सेमिस्टर संपेपर्यंत तेच. खालच्या नावाचीही तीच चाल, फक्त एक आठवडा पुढे सरकलेली. त्याच्या खालच्याचीही तीच. स्वेटरच्या विणीत दोन सुलट आणि एक उलट टाका यावा तसं ते पान दिसत होतं. ही मुलं वर्ग बुडवत नव्हती. त्या दिवशी ती ड्युटीवर होती.

हे पान हाती येईपर्यंत आमच्या समितीचे दोन महिने गेले होते.

परिस्थिती

कॉलेज अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातलं. नाव देत नाही, कारण इथे ज्या चुका सांगणार आहे त्या चांगल्या मनाने झालेल्या आहेत आणि ती माणसं माझे सहकारी आहेत. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, कमी फीचं, सगळ्यांना दार उघडं असलेलं कॉलेज. तिथे फायर सायन्सची ६० क्रेडिटची असोसिएट डिग्री होती. नाव नोंदवणारे दरवर्षी बऱ्यापैकी यायचे, पण डिग्री घेऊन बाहेर पडणारे मोजकेच. डीननी एका वर्षाची मुदत दिली. सुधारणा दिसली नाही तर नवे प्रवेश बंद.

आढावा समितीत आम्ही पाच जण होतो. शहराच्या अग्निशमन दलातले एक निवृत्त बटालियन चीफ, शेजारच्या गावच्या स्वयंसेवी दलाच्या प्रमुख, अर्धवेळ शिकवणारे एक कॅप्टन, प्रवेश विभागातला एक जण आणि गणित विभागातून मी. माझी नेमणूक का झाली हे उघड होतं. बरीच मुलं अडकत होती ती गणितात, आणि ते गणित आमचा विभाग शिकवत होता.

एक गोष्ट आधी सांगून टाकते, कारण भारतातल्या नातेवाइकांना समजावताना इथेच गोंधळ होतो. अमेरिकेत फायरमन व्हायला ही डिग्री सहसा लागत नाही. शिडी लावणं, होज म्हणजे पाण्याचा पाइप ओढणं, धुरात माणूस शोधणं हे प्रशिक्षण फायर अकादमीत मिळतं आणि त्याची परीक्षा एनएफपीए या अग्निसुरक्षेचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाप्रमाणे होते. डिग्रीतले प्रश्न वेगळे असतात. छत कधी आणि का कोसळतं, धूर स्वतः कसा पेटतो, पाचव्या मजल्यावर पाणी किती दाबाने न्यायचं, इमारतीचा नकाशा तपासताना काय पाहायचं, दलाचं बजेट कसं मांडायचं. लेफ्टनंट किंवा कॅप्टन होताना तिचा उपयोग होतो. म्हणजे आमचे बरेचसे विद्यार्थी आधीच नोकरीत होते. हे वाक्य पहिल्या बैठकीतच फळ्यावर लिहायला हवं होतं.

या शिक्षणामागे मोठा विचार आहे. १९६६ साली विस्कॉन्सिनमधल्या विंगस्प्रेड इथे अग्निशमन क्षेत्रातली जाणती मंडळी जमली आणि या पेशाला पद्धतशीर उच्च शिक्षण हवं असं त्यांनी स्पष्ट मांडलं. १९७३ च्या 'अमेरिका बर्निंग' या सरकारी अहवालाने देशात आगीत वर्षाला सुमारे १२ हजार माणसं जातात असं सांगून सगळ्यांना हादरवलं. १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीय फायर अकादमीचा पाया घातला. पुढे त्याच अकादमीच्या पुढाकाराने, देशभरच्या कॉलेजांना धरून, 'फेशी' नावाने ओळखला जाणारा आदर्श अभ्यासक्रम तयार झाला. त्यात सहा गाभ्याचे विषय आहेत: इमारतींची बांधणी, आगीचं वर्तन आणि ज्वलन, आग-प्रतिबंध, अग्निसुरक्षा यंत्रणा, आपत्कालीन सेवांची तत्त्वं आणि जवानांची स्वतःची सुरक्षा.

मी नागपूरची. आमच्याकडे १९५० च्या दशकापासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे आणि देशभरचे अधिकारी तिथे शिकायला येतात. एकच मोठी संस्था, सगळे तिच्याकडे जाणार. इथे उलट. गावोगावची कॉलेजं, गावोगावची दलं, प्रत्येकाची रीत निराळी. म्हणून इथे नियोजनाचं काम दिल्लीत किंवा नागपुरात बसून होत नाही. ते स्थानिक पाच माणसांच्या टेबलावर येऊन पडतं.

दोन महिने कागदावर

आम्ही सुरुवात केली ती विषयांच्या यादीपासून. आमचे विषय एका बाजूला, फेशीचे दुसऱ्या बाजूला, मधे बाण. प्रत्येक विषयाची उद्दिष्टं ताडून पाहिली. पुस्तकांच्या आवृत्त्या तपासल्या. निष्कर्ष असा निघाला की अभ्यासक्रम कागदावर जवळजवळ ठीक आहे. एक विषय जुन्या नावाने होता, जवानांच्या सुरक्षेचा विषय नव्हता. दोन्ही गोष्टी एका दुपारी दुरुस्त होण्यासारख्या.

मग मुलं जातात कुठे? चीफ म्हणाले, हल्लीच्या पोरांना चिकाटी नाही. कॅप्टन म्हणाले, गणित नको तितकं आहे. प्रवेश विभागाचा माणूस म्हणाला, जाहिरात वाढवू. तिघेही मनापासून बोलत होते, पण पुरावा कुणाकडेच नव्हता. मी म्हटलं, मागच्या काही सेमिस्टरची हजेरीपत्रकं मागवू या. आणि मग ते विणकाम दिसलं.

शहराच्या दलात २४ तास ड्युटी आणि ४८ तास सुट्टी अशी पद्धत होती. सकाळी आठला चढायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उतरायचं. तीन दिवसांचं चक्र. आठवडा सात दिवसांचा, आणि साताला तिनाने भागलं की एक उरतो. त्यामुळे ज्याचा आजचा सोमवार ड्युटीत गेला, त्याचे पुढचे दोन सोमवार मोकळे आणि तिसरा पुन्हा ड्युटीत. सोळा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये पाच किंवा सहा सोमवार हमखास जाणार. आणि आमच्या कॉलेजचा नियम असा की चारपेक्षा जास्त गैरहजेऱ्या झाल्या तर विषयात नापास.

म्हणजे ज्यांच्यासाठी अभ्यासक्रम काढला त्यांना पहिल्या दिवशीच नापास ठरवलेलं होतं. काही मुलं सहकाऱ्यांशी ड्युटी बदलून घेत, काही शिक्षकांच्या हातापाया पडत, आणि उरलेली ऑक्टोबरपर्यंत गळत. बैठकीत मी हे मांडलं तेव्हा कॅप्टन बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की त्यांनी स्वतः ही डिग्री याच कारणाने अर्धवट सोडली होती. इतकी वर्षं तो आपलाच आळस असं ते धरून चालले होते.

उपाय सोपा वाटला. तोच धडा सोमवारी संध्याकाळी आणि मंगळवारी संध्याकाळी असा दोनदा घ्यायचा. २४-४८ मध्ये लागोपाठ दोन दिवस ड्युटी येत नाही, त्यामुळे दोन्हीपैकी एक वर्ग प्रत्येकाला मिळतोच. शिक्षकाला दुप्पट तासांचे पैसे द्यावे लागले. डीननी कुरकुर न करता मंजूर केले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

सहा महिने छान चाललं. मग शेजारच्या एका दलाने ४८ तास ड्युटी आणि ९६ तास सुट्टी अशी पद्धत आणली. जाण्या-येण्याचा त्रास कमी होतो म्हणून जवानांनीच ती मागून घेतली होती. सहा दिवसांचं चक्र, त्यात सलग दोन दिवस कामावर. सोमवार-मंगळवार दोन्ही ड्युटीत येणार. त्या दलातली मुलं पुन्हा गळायला लागली.

या वेळी मी आधी कागद घेतला. दोन वर्गांमध्ये एक दिवस सोडला तर? सोमवार आणि बुधवार. २४-४८ वाल्याला ड्युटी दर तिसऱ्या दिवशी, तेव्हा दोन दिवसांच्या अंतराने दोनदा येणं शक्य नाही. ४८-९६ वाल्याचे ड्युटीचे दिवस सलग असतात, त्यालाही एक आड एक येणं शक्य नाही. दोघांचं जमलं. वेळापत्रकातला एक शब्द बदलला, मंगळवारचा बुधवार केला.

नियोजनाच्या कार्यशाळांमध्ये ध्येयवाक्यं लिहायला अर्धा दिवस देतात. माझं प्रामाणिक मत असं झालंय की त्याआधी विद्यार्थ्याचं ड्युटीचं कॅलेंडर भिंतीवर टांगावं.

पंपाजवळचं बीजगणित

आता माझ्या विभागाची गोष्ट. डिग्रीसाठी कॉलेज अल्जिब्रा सक्तीचा होता, आणि तो पास झाल्याशिवाय पाण्याच्या दाबाचा विषय, म्हणजे हायड्रॉलिक्स, घेता येत नव्हता. अल्जिब्रात दोन-तीनदा नापास होऊन मुलं निघून जात. कॅप्टनची मागणी होती की गणिताची अट काढा. मी कडाडून विरोध केला. गणित काढलेली डिग्री ही त्या मुलांची फसवणूक आहे असं मला वाटत होतं, आणि अजूनही वाटतं.

कॅप्टननी वाद घातला नाही. एका शनिवारी सकाळी त्यांनी मला स्टेशनवर बोलावलं. आवारात बंब उभा, त्याला पावणेदोन इंची होज जोडलेला, लांबी २०० फूट. पंपाजवळ दाब दाखवणारा एक गेज, नोझलच्या अलीकडे दुसरा. पंपावर उभा होता आमचाच एक विद्यार्थी, अल्जिब्रात दोनदा नापास झालेला.

होजमधून पाणी जाताना घर्षणाने दाब कमी होतो. तो किती, हे काढायचं सूत्र तीन गोष्टींचा गुणाकार आहे: होजचा गुणांक, मिनिटाला जाणाऱ्या पाण्याचे शेकड्यातले गॅलन त्यांचा वर्ग करून, आणि शेकड्यातली लांबी. पावणेदोन इंची होजचा गुणांक साडेपंधरा धरतात. मिनिटाला ७५ गॅलन सोडले तर १५.५ गुणिले ०.७५ चा वर्ग गुणिले २, म्हणजे साधारण १७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप). १५० गॅलन सोडले तर १५.५ गुणिले दीडचा वर्ग गुणिले २, म्हणजे जवळजवळ ७० पीएसआय.

त्या मुलाने पाणी दुप्पट केलं. होज कडक झाला, जमिनीवरून किंचित उचलला गेला. तो दोन्ही गेजकडे आळीपाळीने बघत राहिला आणि म्हणाला, "पाणी दुप्पट केलं, पण दाब चौपट खातोय." मग माझ्याकडे वळून विचारलं, "वर्ग म्हणजे हेच ना?"

वीस वर्षांत वर्ग म्हणजे काय हे मी किती फळ्यांवर लिहिलं असेल. पण याच्यासाठी तो पहिल्यांदा खरा झाला, कारण त्याचा हात लिव्हरवर होता. पंप चालवणाऱ्याने दाब कमी दिला तर आतल्या जवानापर्यंत पाणी पोचत नाही, जास्त दिला तर नोझल त्याच्या हातून निसटते. या मुलाला चुकीच्या उत्तराची किंमत माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. सूत्रापर्यंत त्याला नेणारी वाट मात्र आम्ही उलटी बांधली होती: आधी कोरडं बीजगणित, ते जमलं तरच पाणी.

माझं मत बदललं, पण अट काढण्याच्या बाजूने नव्हे. आम्ही अल्जिब्रा आणि हायड्रॉलिक्स एकाच सेमिस्टरला जोडून ठेवले, मी आणि कॅप्टन एकत्र शिकवायला लागलो. प्रमाण, वर्ग, वर्गमूळ, सूत्रातून हवी ती राशी मोकळी करणं, सगळं पंपाच्या हिशोबावर. दर मजल्याला पाच पीएसआय वाढवायचे, नोझलसाठी तिचा ठरलेला दाब धरायचा, सगळ्यांची बेरीज करून पंपावर किती ठेवायचं ते सांगायचं. परीक्षेची काठिण्यपातळी तीच ठेवली. माझ्या विभागातल्या काहींना हे आवडलं नाही. मुलांचे पेपर मी त्या सहकाऱ्यांकडूनच तपासून घेतले, म्हणजे शंका राहू नये.

कोट आणि स्लाइड

शिकवणारे बहुतेक अर्धवेळ, निवृत्त किंवा नोकरीतले अधिकारी. अनुभव प्रचंड, पण आगीच्या वर्तनाच्या वर्गातल्या काही स्लाइड पंचवीस वर्षांपूर्वीच्या. दरम्यान आगच बदलली आहे. यूएल या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जुन्या धाटणीच्या लाकडी-सुती सामानाची खोली संपूर्ण पेटायला २९ मिनिटांहून जास्त लागली. फोम आणि प्लास्टिकच्या नव्या सामानाची खोली पाच मिनिटांच्या आत पेटली. बंब पोचेपर्यंत आग हवेसाठी आसुसलेली असते, आणि पाणी तयार नसताना दार किंवा खिडकी उघडली की तिचा भडका उडतो.

एक ज्येष्ठ शिक्षक हे मानायला तयार नव्हते. त्यांनी शेकडो घरांत शिरून माणसं काढली होती, त्यांना प्रयोगशाळेने शिकवावं हे त्यांना बोचलं. आम्ही त्यांना वगळलं नाही. प्रयोगांचे व्हिडिओ त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच हाताने दाखवायची विनंती केली. दुसऱ्या आठवड्यात ते स्वतः म्हणाले की त्यांच्या तरुणपणीच्या एका आगीत नेमकं काय झालं होतं ते आता उमगलं. ती गोष्ट त्यांनी वर्गाला सांगितली. कुठल्याही पुस्तकापेक्षा ती मोलाची होती.

वर्गाच्या कोपऱ्यात एक जुना आगीचा कोट टांगलेला असायचा. काजळीने काळवंडलेला, हेल्मेटसकट. मुलं तो अभिमानाने घालून फोटो काढत. खोलीत शिरताच जळक्या रबरासारखा वास यायचा. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमनाचं काम माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातलं. त्यानंतर तो कोट तिथे ठेवणं म्हणजे रोज चुकीचा धडा देणं होतं. स्वयंसेवी दलाच्या प्रमुखबाईंनी एका संध्याकाळी हातमोजे घालून तो उतरवला आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेला. जवानांच्या सुरक्षेच्या नव्या विषयाचा पहिला तास त्या रिकाम्या खुंटीपाशी झाला.

आग-प्रतिबंधाचा विषय ऐच्छिक करावा अशीही एक सूचना आली होती. मुलांना तो कंटाळवाणा वाटतो, नियमावल्या आणि तपासण्या. इथे मी गप्प बसू शकले नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. भंडारा माझ्या माहेरापासून दीड-दोन तासांवर. तिथल्या कुठल्याही जवानाच्या शौर्याने ती बाळं परत आली नसती. वायरिंग, धुराची सूचना देणारं यंत्र, रात्री कक्षात कोण जागं आहे, या कंटाळवाण्या गोष्टींनीच ती वाचली असती. मी हे बैठकीत सांगितलं. विषय सक्तीचा राहिला.

बर्न बिल्डिंगचा मोह

राज्याकडून थोडा निधी मिळण्याची शक्यता दिसली तेव्हा चीफनी बर्न बिल्डिंग बांधायचा प्रस्ताव आणला, म्हणजे सरावासाठी आग लावता येईल अशी काँक्रीटची इमारत. फोटोत छान दिसते, विद्यार्थी ओढले जातात. मी तांत्रिक बाबतीत बोलू शकत नव्हते, पण प्रमुखबाई बोलल्या. १९८२ साली कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये सरावाच्या आगीत दोन फायरमन गेले आणि त्यातूनच पुढे १९८६ साली एनएफपीए १४०३ हे सरावाच्या आगीचं मानक आलं. तरीही २००१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सव्हिलमध्ये सरावात एक १९ वर्षांचा स्वयंसेवक गेला. इमारत बांधणं सोपं आहे; प्रत्येक सरावाला पुरेसे अनुभवी प्रशिक्षक, सुरक्षा अधिकारी, पाण्याची दुहेरी सोय हे वर्षानुवर्षं सांभाळणं कठीण. शिवाय चाळीस मैलांवर एक प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र होतंच, आणि प्रत्यक्ष आगीचा सराव हे मुळात अकादमीचं काम.

मतदान तीन विरुद्ध दोन झालं. निधी पूर्णवेळ समन्वयकाच्या पगारासाठी मागायचा ठरला. चीफ नाराज झाले, पण पुढच्या बैठकीला आले. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

समन्वयक आल्यावर आधी घेतलेल्या प्रशिक्षणाला क्रेडिट देण्याचं काम मार्गी लागलं. अमेरिकेतल्या जवानांपैकी साधारण ६५ टक्के स्वयंसेवक आहेत, त्यांच्याकडे प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल असते आणि कॉलेजला तिचं काय करायचं ते कळत नाही. आता अकादमीची प्रमाणपत्रं ऐच्छिक क्रेडिट म्हणून धरली जातात, गाभ्याच्या सहा विषयांच्या जागी नाही. ही रेघ ओढली नसती तर डिग्री म्हणजे जुन्या प्रमाणपत्रांवर मारलेला नवा शिक्का झाला असता.

सध्याचं टेबल

मुदत संपली तेव्हा प्रवेश बंद झाले नाहीत. गळती थांबली असं मी म्हणणार नाही; हजेरीपत्रकातली ती वीण मात्र गेली. वर्गात मुली अजून फार थोड्या आहेत, आणि त्यासाठी आम्ही काही केलेलं नाही. घटनेचा अहवाल लिहिण्यात मुलं कच्ची आहेत, तिकडे इंग्रजी विभागाला असंच पंपाजवळ बोलवायचं ठरलंय.

गेल्या महिन्यात तिसऱ्या एका दलाने विचारणा केली. त्यांची पद्धत नऊ दिवसांची: एक दिवस आड अशा तीन ड्युट्या आणि मग सलग चार दिवस सुट्टी. आठवड्याचे सरासरी तास तिन्ही दलांत सारखेच, ५६. पण यांना सोमवार-बुधवार चालत नाही, एक आड एक ड्युटी हीच तर त्यांची रीत. यांना सोमवार-मंगळवार चालेल, तो ४८-९६ वाल्यांना चालत नाही. मी आठवड्यातल्या सगळ्या जोड्या करून पाहिल्या. तिन्ही दलांना पुरेल अशी दोन दिवसांची एकही जोडी नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार असा तोच धडा तीनदा घेतला तर मात्र कुणाचेच तिन्ही दिवस ड्युटीत जात नाहीत.

तिसऱ्या वर्गाच्या पैशाचा अर्ज डीनच्या टेबलावर आहे. सोबत मी हिशोबाचा कागद जोडलाय, तिन्ही दलांची कॅलेंडरं एकाखाली एक, ड्युटीचे दिवस लाल पेन्सिलीने भरून.